‘आणा’ लिहिलं आणि फाइलच नाही, तर कंपायलरनं कधी सांगावं?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे कोल्हापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि प्रोजेक्ट म्हणून मराठी आज्ञांची एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा करताहेत. तिच्यात दुसऱ्या फाइलमधलं काही वापरायचं असेल तर असं लिहायचं:

आणा व्याज
आणा हप्ते.वेळापत्रक

आता ‘व्याज’ नावाची फाइल जागेवर नसेल तर कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशिनला चालेल अशा रूपात आणणाऱ्या सॉफ्टवेअरनं, एरर कधी द्यायची? प्रोजेक्ट पार्टनरचं म्हणणं, पार्सरला (कंपायलरमधला, मजकूर वाचून व्याकरण बघणारा भाग) ‘आणा’ दिसलं की तिथल्या तिथं फाइल बघायची, नसेल तर थांबायचं. गाइडचं म्हणणं, पार्सरनं व्याकरणापुरतं बघावं, फाइलींचं लिंकिंगच्या वेळी, म्हणजे सुटे कंपाइल झालेले तुकडे शेवटी जोडताना, बघू. आणि विचारणाऱ्यांना स्वतःला वाटतं की त्या मॉड्यूलमधलं, म्हणजे आणलेल्या फाइलमधलं, नाव प्रत्यक्ष वापरायची वेळ येईल तेव्हाच बोलावं, जे वापरलंच नाही त्यासाठी माणसाला कशाला अडवायचं?

मी उद्यमनगरात बसून गेली १७ वर्षं फौंड्री आणि मशिन शॉपवाल्यांसाठी कंट्रोल सॉफ्टवेअर करतो. त्यात आमची स्वतःची एक लहानशी भाषा आहे. सँड प्लांट, भट्टी, कन्व्हेयर यांचे नियम सुपरवायझर लोक तिच्यात लिहितात. तिचा कंपायलर मीच लिहिला, आणि तुम्ही म्हणताय ते तिन्ही पर्याय मी या ना त्या वर्षी वापरून, तिन्हींसाठी शिव्या खाऊन झालोय. म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. फाइल नाही हे कंपायलरला कळतं कधी, हा एक. कळल्यावर ते माणसाला सांगायचं कधी, हा दुसरा. आणि सांगून झाल्यावर कंपायलरनं पुढं काय करायचं, हा तिसरा. तुम्ही तिघं भांडताय पहिल्यावर. वापरणाऱ्याचं डोकं फिरतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्यामुळं.

तुमच्या भाषेपुरतं माझं उत्तर असं: पार्सिंग झाल्यावर आणि नावं जुळवायला घेण्याआधी एक वेगळी पायरी ठेवा. तिच्यात सगळ्या फाइलींतल्या सगळ्या ‘आणा’ ओळी गोळा करा, प्रत्येकीची फाइल शोधा, आणि ज्या सापडल्या नाहीत त्या सगळ्या एका दमात सांगा. त्यानंतर त्या हरवलेल्या मॉड्यूलमुळं जे जे अडेल त्याबद्दल तोंडातून ब्र काढू नका, बाकीचा प्रोग्रॅम मात्र तपासा. आउटपुट तयार करू नका. हे सगळ्या भाषांना लागू नाही. ते का, हे पुढं येईलच.

आधी तुमचा स्वतःचा पर्याय घेतो, कारण तो दिसायला सगळ्यात शहाणा आणि अनुभवाला सगळ्यात महाग आहे.

आमची पहिली आवृत्ती इंटरप्रिटर होती, म्हणजे आधी कंपाइल न करता एकेक ओळ वाचत चालवणारी. मॉड्यूल लागेल तेव्हाच शोधायचं, आळशी पद्धत. शिरोलीतल्या एका फौंड्रीत सँड मिक्सरवर ती बसवली. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साचे करायच्या ओल्या वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्क्यांत राखायचा असतो. पाणी जास्त झालं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं पडणारी छिद्रं, येतात. नियमाची फाइल काहीशी अशी होती:

आणा ओलावा
आणा गजर

जर ओलावा.वाचन > ४.५ तर
  पाणी.बंद
  गजर.वाजव "सँड ओली झाली"

बसवताना आमच्याच मुलानं पेन ड्राइव्हवरून फाइली टाकल्या, त्यात ‘गजर’चा फोल्डर राहून गेला. प्रोग्रॅम सुरू झाला, चालला, आठ महिने चालला. आठ महिन्यांत ओलावा कधी ४.५ च्या वर गेलाच नाही, म्हणून ती ओळ कधी चाललीच नाही. मग एका रात्रपाळीत पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला. ‘पाणी.बंद’ झालं, पण व्हॉल्व्ह हलला नाही, आणि माणसाला बोलवायची जी एकमेव ओळ होती तिथं गजराऐवजी कोपऱ्यातल्या स्क्रीनवर ‘गजर हे मॉड्यूल सापडत नाही’ असं उमटलं. रात्री पावणेतीनला त्या स्क्रीनकडं कोण बघतंय? सकाळी मोल्डिंग लाइनवर सँडचा चिखल. कुणाला इजा झाली नाही, पण त्या पाळीचं रिजेक्शन कुणाच्या बिलातून गेलं ते सांगायला नको.

तेव्हा ‘वापरलं तरच सांगा’ याचा अर्थ असा निघतो: प्रोग्रॅममधल्या ज्या वाटा क्वचित चालतात, त्यांच्यातल्या चुका सगळ्यात शेवटी कळतात. आणि क्वचित चालणाऱ्या वाटा म्हणजे बहुतेक वेळा संकटाच्याच वाटा. फाइलमध्ये ‘आणा’ लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्यानं ‘हे मला लागणार’ असं सांगून ठेवलंय. ते नाव पुढं वापरलेलं असो नसो, फाइल नसेल तर बोलायचंच. न वापरलेल्या ‘आणा’बद्दल वेगळी तक्रार करायची की नाही, हा निराळा विषय. गो भाषेत तीही सरळ एरर आहे. मला ते नवख्यांसाठी जाचक वाटतं, तुम्ही सूचना देऊन सोडा.

आता पायथनवाले म्हणतील, आमच्याकडं तर हेच चालतं. चालतं, आणि त्याला कारण आहे. पायथनमध्ये इम्पोर्ट ही चालवायची आज्ञा आहे, नुसती घोषणा नाही. फंक्शनच्या पोटात लिहिलेलं इम्पोर्ट ते फंक्शन चालेपर्यंत कुणी बघत नाही. त्याचा लोक मुद्दाम उपयोगही करतात. ३.११ आवृत्तीत, म्हणजे २०२२ साली, ‘टॉमलिब’ हे मॉड्यूल भाषेसोबत मिळायला लागलं. जुन्या आवृत्तीवरही चालावं म्हणून लोक आधी ‘टॉमलिब’ मागतात, नाही मिळालं तर ती एरर झेलून बाहेरचं ‘टॉमली’ मागतात. इथं मॉड्यूल नसणं ही चूक नाहीच, ती एक अपेक्षित शक्यता आहे. तुमच्या भाषेत असं काही लागणार असेल तर त्याला वेगळा शब्द द्या, ‘जमल्यास आणा’ म्हणा. साध्या ‘आणा’ला संदिग्ध ठेवू नका. जावानं २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत मॉड्यूल आणले तेव्हा असाच वेगळा शब्द ठेवला: साधं ‘रिक्वायर्स’ म्हणजे हवंच, आणि ‘रिक्वायर्स स्टॅटिक’ म्हणजे कंपाइल करताना हवं, चालवताना नसलं तरी चालेल.

पार्टनरचा पर्याय आम्ही गजराच्या प्रकरणानंतर लगेच उचलला. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं पार्सरमध्येच फाइल उघडून बघायला लागलो. नसेल तर तिथंच कंपायलर बंद. आगीतून फुफाट्यात. कागलच्या एका कारखान्यात नवीन मशिनवर फाइली टाकताना ११ मॉड्यूल राहिले होते. तिथला ऑपरेटर फोनवर. एक फाइल टाकली, चालवलं, दुसरी नाही. ती टाकली, तिसरी नाही. सातव्या फोनला तो म्हणाला, “साहेब, तुमच्या मशिनला सगळं एकदम सांगता येत नाही काय? किराणा आणायला गेलो आणि बायकोनं एकेक जिन्नस फोनवर सांगावा तसं चाललंय.” त्याचं काही चुकलं नव्हतं.

पार्सरनं फाइल सिस्टीमला हात लावू नये याला दुसरंही एक कारण आहे, आणि तुमच्या गाइडच्या मनात बहुधा तेच असावं. पार्सरचं काम मजकूर घ्यायचा आणि ट्री, म्हणजे त्याच्या रचनेची झाडासारखी मांडणी, द्यायचा. तो शेजारच्या फोल्डरात काय आहे यावर अवलंबून राहिला की उद्या तुम्ही कोड नीट मांडणारा फॉर्मॅटर लिहाल, तोही फाइल नाही म्हणून अडेल. एडिटरमध्ये रंग भरणारा भाग अडेल. पार्सरची साधी चाचणी करायला खोट्या फाइली मांडून बसावं लागेल. ‘आणा’ दिसल्यावर पार्सरनं फक्त नोंद करायची: हे नाव मागितलंय, या फाइलच्या या ओळीत. बास.

पण हा नियम कुठं मोडतो ते बघा, कारण इथंच ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे वाक्य खरं होतं. स्वतःला एक प्रश्न विचारा: आणलेल्या फाइलमध्ये काय आहे हे माहीत नसताना पुढची ओळ वाचता येते का?

सी भाषेत येत नाही. तिथं इन्क्लूड म्हणजे हेडर फाइलचा (दुसरीकडच्या घोषणांची फाइल) मजकूर जसाच्या तसा त्या जागी ओतणं. आणि सीमध्ये ‘क * ख;’ अशी ओळ असेल तर तो गुणाकार आहे की ‘क’ प्रकारचा ‘ख’ नावाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जाहीर केलाय, हे ‘क’ म्हणजे काय हे कळल्याशिवाय ठरत नाही. ‘क’ची व्याख्या हेडरमध्ये आणि हेडर गायब, म्हणजे पुढचं सगळं वाचन अंदाजपंचे.

ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी वापरलंय त्यांना हे डोळ्यांनी पाहिलेलं आठवेल. निळी स्क्रीन, ऑप्शन्समधल्या डिरेक्टरीज कुणीतरी बदलून ठेवलेल्या, आणि तुमचा सहा ओळींचा प्रोग्रॅम. पहिली एरर ‘अनेबल टु ओपन इन्क्लूड फाइल’. तिच्याखाली प्रिंटएफला प्रोटोटाइप नाही, हे सिंबॉल माहीत नाही, ते माहीत नाही. आमच्या लॅबमध्ये पोरं शेवटच्या एररपासून वर दुरुस्त करत यायची. अर्धं प्रॅक्टिकल त्यात जायचं, आणि दुखणं पहिल्या ओळीत.

जीसीसी या सीच्या कंपायलरचाही स्वभाव बराच काळ असाच होता: हेडर सापडलं नाही तरी एरर देऊन पुढं जायचं. २०१० च्या ४.५ आवृत्तीपासून त्यांनी तो बदलला. आता हेडर नसेल तर ‘फेटल एरर’ आणि कंपाइल तिथंच बंद. कारणही त्यांनी तेव्हा तेच दिलं की हेडरमधल्या घोषणा नसल्यामुळं पुढं एररींची जी माळ लागते ती टळावी. म्हणजे तुमच्या पार्टनरचा पर्याय सीसाठी बरोबर आहे. तुमच्या भाषेसाठी नाही, कारण तुमच्या ‘आणा’मुळं पुढच्या ओळीचं व्याकरण बदलत नाही. उद्या तुम्ही मॅक्रो (कंपाइल होताना उलगडून नवा कोड तयार करणारे तुकडे) आणलेत, किंवा आणलेल्या मॉड्यूलला नवी चिन्हं जाहीर करायची मुभा दिलीत, तर हा निर्णय पुन्हा उघडावा लागेल.

मॅक्रो असले की काय होतं हे रस्ट या भाषेत बघण्यासारखं आहे. तिथं मॅक्रो उलगडल्यावर त्यातून नव्या ‘यूज’ ओळी (त्यांचं ‘आणा’) बाहेर पडू शकतात, आणि त्या ओळींतून आणखी मॅक्रो सापडू शकतात. त्यामुळं एखादं नाव आत्ता मिळालं नाही याचा अर्थ ते नाहीच असा होत नाही. कदाचित अजून जन्माला आलं नसेल. म्हणून रस्टचा कंपायलर मॅक्रो उलगडणं आणि इम्पोर्ट जुळवणं आलटून पालटून करत राहतो, फेरीमागून फेरी, आणि एका फेरीत काहीच नवीन हाती लागलं नाही की मगच उरलेल्यांना ‘अनरिझॉल्व्ह्ड इम्पोर्ट’ म्हणतो. ‘आत्ता सापडत नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक आहे, आणि एरर फक्त दुसऱ्यासाठी द्यायची.

सी++ मध्ये २०२० च्या मानकानं मॉड्यूल आले तेव्हा हाच फरक बिल्ड सिस्टीमच्या, म्हणजे फाइली कुठल्या क्रमानं कंपाइल करायच्या ते ठरवणाऱ्या साधनाच्या, गळ्यात पडला. तिथं ‘इम्पोर्ट’ लिहिलेली फाइल कंपाइल करायची तर ते मॉड्यूल आधी कंपाइल होऊन तयार असावं लागतं. तयार नाही म्हणजे हरवलंय, की त्याची पाळी अजून आली नाही? हे एकट्या फाइलकडं बघणाऱ्या कंपायलरला सांगता येत नाही. म्हणून आधी सगळ्या फाइलींवरून एक धावती नजर टाकून कोण काय पुरवतं आणि कोण काय मागतं याची यादी करतात, मग क्रम लावतात. सीमेक या अशाच एका साधनात हे नीट बसायला डिसेंबर २०२३ मधली ३.२८ आवृत्ती उजाडली. फाइली कोडमधून तयार होत असतील, कुठल्या जनरेटरमधून येत असतील, तर तुमच्याकडंही हीच पंचाईत होईल. तोवर चिंता नको.

गाइडच्या ‘लिंकिंगच्या वेळी’ या पर्यायाबद्दल थोडक्यात. जिथं फाइली सुट्या सुट्या कंपाइल होतात आणि एकमेकींची फक्त नावं माहीत असतात, तिथं लिंकरशिवाय दुसरं कुणी सांगूच शकत नाही. सीमधलं ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे त्यातलंच. पण लिंकरला सिंबॉलचं नाव दिसतं, फार तर फंक्शन, तुमची ‘आणा’ची ओळ त्याला दिसत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मोल्ड बंद करायच्या आधी आत कोअर बसवला का ते बघतात. राहिला तर जिथं पोकळी हवी तिथं लोखंड भरतं. बॉक्स बंद करताना दिसलं तर हातानं कोअर ठेवायचा, काम संपलं. मशिन शॉपमध्ये बोअर मारायला घेतल्यावर दिसलं तर कास्टिंग गेलं. गिऱ्हाइकाकडं दिसलं तर गिऱ्हाईक गेलं. तुमच्या भाषेत सगळ्या फाइली एकाच वेळी हाताशी आहेत. बॉक्स उघडा असताना बघायचं सोडून लिंकरपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

तर आता ती मधली पायरी. मुख्य फाइल पार्स करा, तिच्या ‘आणा’ ओळी यादीत टाका. यादीतली प्रत्येक फाइल शोधा. सापडली तर तीही पार्स करा, तिच्या ‘आणा’ ओळीही यादीत टाका. एकदा पाहिलेली पुन्हा नाही. यादी संपली की तुमच्याकडं पूर्ण जाळं आलं. हॅस्केल भाषेचा कंपायलर जीएचसी अनेक मॉड्यूल एकत्र कंपाइल करताना हेच करतो, तोही प्रत्येक फाइलचा फक्त माथा वाचून. गोची साधनंसुद्धा आधी पॅकेजं गोळा करतात, मग कंपाइलला हात घालतात. दोन्हीकडं हे सोपं जातं कारण इम्पोर्ट ओळी फाइलच्या वरच असाव्या लागतात. तुम्हीही ‘आणा’ फक्त वरच चालेल असा नियम करा. आत्ता कडक वाटेल, पण नंतर सैल करता येतो, उलटं करता येत नाही.

जाळं विणताना प्रत्येक ‘आणा’चा निकाल चार प्रकारचा असू शकतो, आणि हे चार एकाच पोत्यात घालू नका. फाइल नाही. फाइल आहे पण उघडता आली नाही, परवानगी वगैरे. फाइल उघडली पण आत व्याकरणाची चूक आहे. फाइल ठीक आहे पण फिरून आपल्यालाच आणतेय. आमच्याकडं बरेच दिवस चारींना ‘सापडत नाही’ हाच एक मेसेज होता. फाइल डोळ्यांसमोर दिसतेय आणि कंपायलर नाही म्हणतोय, असे फोन यायचे. दर वेळी आत कुठंतरी एक कंस उघडा.

मेसेज कसा असावा, तर आमचा आजचा असा आहे:

मिक्सर.नियम, ओळ २: ‘गजर’ हे मॉड्यूल सापडलं नाही.
इथं शोधलं: नियम/गजर.नियम, सामायिक/गजर.नियम
जवळचं नाव: ‘गजरा’ (सामायिक/गजरा.नियम)
हेच मॉड्यूल आणखी ४ फाइलींत मागितलंय.

कुठं शोधलं ते लिहाच. निम्म्या वेळा फाइल असते, चुकीच्या फोल्डरात असते, आणि पाथ वाचला की माणूस स्वतःच कपाळावर हात मारतो. शेवटची ओळही मुद्दाम आहे: एक मॉड्यूल पाच फाइलींत मागितलं असेल तर पाच एररी नकोत, एकच हवी.

(‘गजरा’ नावाचं मॉड्यूल आमच्याकडं खरोखर आहे. कुणीतरी टाइप करताना काना जास्त दिला, तो तसाच राहिला, आता दोन कारखाने त्यावर चालतात.)

आता तिसरा प्रश्न, पुढं काय करायचं. जीसीसीसारखं थांबायची तुम्हाला गरज नाही, आणि टर्बो सीसारखं बरळत सुटायचं नाही. मधला रस्ता असा: न सापडलेल्या मॉड्यूलच्या जागी एक बनावट मॉड्यूल ठेवा, त्यावर ‘बिघडलेलं’ असा शिक्का. त्यातून कुठलंही नाव मागितलं तर हो म्हणायचं, पण त्या नावाचा प्रकारही ‘बिघडलेला’. बिघडलेल्या प्रकाराची बेरीज, तुलना, कॉल, काहीही केलं तरी उत्तर ‘बिघडलेला’, आणि एरर द्यायची नाही, कारण मूळ एरर आधीच देऊन झालीय.

हे करण्याआधी एका फाइलच्या गैरहजेरीवर आमच्या कंपायलरनं एकदा २१४ एररी दिल्या होत्या. केल्यावर १ आली. आणि त्या १ च्या खाली दुसरी एक, ज्यात कुणीतरी टक्क्यांमध्ये किलो मिळवले होते. ती खरी चूक होती, हरवलेल्या फाइलशी संबंध नसलेली. २१४ च्या ढिगात ती कुणालाच दिसली नसती, आणि पहिल्याच एररला थांबलो असतो तरी दिसली नसती. मोठे कंपायलर हेच करतात. रस्ट न जुळलेल्या इम्पोर्टच्या नावावर खोटी नोंद ठेवतो. टाइपस्क्रिप्टमध्ये मॉड्यूल सापडलं नाही तर २३०७ क्रमांकाची एरर एकदा येते आणि त्यातून आलेल्या नावांना पुढं ‘एनी’सारखं, म्हणजे कुठलाही प्रकार चालेल असं, वागवलं जातं.

मात्र टाइपस्क्रिप्टचं एक आंधळेपणानं घेऊ नका. तो एरर असतानाही, वेगळं सांगितलं नसेल तर, जावास्क्रिप्ट तयार करून देतो. त्यांची कारणं वेगळी आहेत. तुम्ही एरर असेल तर आउटपुट करू नका, आणि त्याहून महत्त्वाचं, आधीच्या वेळचं आउटपुट तिथं पडलं असेल तर तेही काढून टाका. आमच्याकडं एरर वाचायच्या आधीच लोक मशिनवर ‘चालू’ दाबायचे, आणि कालचाच प्रोग्रॅम आजचा समजून चालायचा.

इथवरचं पुन्हा एका वाक्यात: पार्सर नोंदतो, मधली पायरी शोधते आणि सगळं एकदम सांगते, पुढचे टप्पे बिघडलेल्याला हात न लावता बाकीचं तपासतात, आणि शेवटी काही बाहेर पडत नाही.

कंपाइल करताना मॉड्यूल होतं म्हणजे चालवताना असेलच असं मात्र नाही. जावामध्ये हे रोज घडतं: कंपाइल स्वच्छ, सर्व्हरवर जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) ठेवायची राहिली, आणि दुपारी कुणीतरी एक बटण दाबल्यावर ‘नो क्लास डेफ फाउंड’. मॉड्यूल पद्धत वापरली तर जावा सुरू होतानाच मॉड्यूलांचं जाळं तपासतं आणि नसेल तर सुरूच होत नाही. माझा गजरही खरं तर याच जातीचा होता, तो आमच्या ऑफिसात होता, कारखान्यात नव्हता. कंपायलर आल्यावर आम्ही सगळी मॉड्यूलं एकाच फाइलमध्ये बांधून द्यायला लागलो, आणि पेन ड्राइव्हवर काही मागं राहायची सोयच ठेवली नाही. तुम्हाला जमत असेल तर हेच करा. नाही जमलं तर प्रोग्रॅम सुरू होताना पहिल्या ओळीआधी एकदा पुन्हा जाळं मोजा.

एडिटरसाठी पुढंमागं प्लगिन करणार असाल तर तिथं वेळेचं गणित उलटं आहे. माणूस ‘आणा हप्’ एवढंच टाइप करून थांबलाय, आणि तुम्ही लगेच लाल रेघ ओढली तर तो वैतागतो. अर्धा सेकंद थांबा, रेघ फक्त त्या ओळीखाली ओढा. आणि एक गोम: ‘फाइल नाही’ हे उत्तर तुम्ही वेगासाठी साठवून ठेवाल, मग माणूस ती फाइल तयार करेल, आणि रेघ जाणारच नाही. कारण तुम्ही फक्त सापडलेल्या फाइलींवर लक्ष ठेवलंय. जिथं जिथं शोधून मिळाली नाही त्या जागांवरही लक्ष ठेवावं लागतं. सापडलेल्या फाइलीलाही हे लागू आहे: आधी बघायच्या फोल्डरात त्याच नावाची नवी फाइल आली की जुना निकाल बाद.

शेवटी एक खास मराठी दुखणं, जे तुम्हाला इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडणार नाही. इंग्रजीवाल्यांना लहान-मोठ्या लिपीचा त्रास असतो. विंडोजवर चाललेलं इम्पोर्ट लिनक्सवर सापडत नाही, कारण फाइलच्या नावात एक अक्षर कॅपिटल. आपल्याकडं कॅपिटल नाही, पण ‘ऱ्या’ आहे. समजा मॉड्यूलचं नाव ‘शेतकऱ्यांची_यादी’. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट्स वेगळे. फाइल तुमच्या पार्टनरनं त्याच्या कीबोर्डवर सेव्ह केली, ‘आणा’ तुम्ही तुमच्या कीबोर्डवर लिहिलं, की कंपायलर म्हणणार नाही, आणि तुम्ही दोघं स्क्रीनला बोट लावून म्हणणार आहे की! युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावलं तर नुक्ता सुटा लिहिलेला ऱ जोडलेल्या ऱ शी जुळतो, पण जोडचिन्हाचा प्रकार त्यात येत नाही. तो तुम्हालाच हातानं एका रूपात आणावा लागतो, ‘आणा’मधल्या नावालाही आणि डिस्कवरच्या फाइलच्या नावालाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: पार्सरमधून फाइल उघडायचा कोड काढा, मधली पायरी लिहा, आणि तिच्यासाठी चाचण्या लिहा. एकही फाइल नाही, तीन फाइली एकदम नाहीत, फाइल आहे पण आत चूक, दोन फाइली एकमेकींना आणताहेत, आणि एक ‘ऱ्या’ची. या शेवटच्या चाचणीत माझा कंपायलर मागच्या महिन्यापर्यंत नापास होत होता.